प्लास्टरबाईंचा दीक्षावर्ग

हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर तीनदा बदलले, पण प्लास्टर घालणाऱ्या आणि कापणाऱ्या बाई त्याच राहिल्या. सगळे त्यांना प्लास्टरबाईच म्हणत. बत्तीस वर्षं दर रविवारी त्या चर्चमध्ये दीक्षेचा, म्हणजे चर्चचं पूर्ण सभासद होऊ पाहणाऱ्यांचा, वर्गही घेत होत्या. हाडांशी एवढा संबंध, पण जिभेला मात्र हाड नाही, असं चर्चचे धर्मगुरू, पाळकही म्हणत.

यंदा वर्गात एकटीच होती, हॉस्पिटलच्या कँटीनमधली स्वयंपाकीण. तिचा नवरा नुकताच गेला होता. परीक्षा घ्यायला चर्चच्या मंडळीचे अध्यक्ष बसले. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, पण हातातली छडी काही सुटली नव्हती. विश्वास न ठेवणाऱ्यांचं काय होतं, असं त्यांनी धर्मशिक्षणाच्या जुन्या प्रश्नोत्तरीतून विचारलं. उत्तर तिला तोंडपाठ होतं.

"नरकात जातात असं लिहिलंय," ती म्हणाली. "माझा नवरा देव मानत नव्हता. तो नरकात नाही. मला हे पटत नाही."

अध्यक्षांनी तिला नापास केलं. म्हणजे प्रभुभोजनाची, रविवारच्या उपासनेत सभासदांना वाटतात ती पवित्र भाकर तिला मिळणार नाही. वर बाईंना बजावलं, हिला पाठीशी घालाल तर वर्ग काढून घेऊ.

बाईंचा पारा चढला. "सर, आपला पंथ सुरू कसा झाला? पाचशे वर्षांपूर्वी एक ख्रिस्ती संन्यासी सम्राटापुढे उभा राहून म्हणाला, मनाविरुद्ध बोलणार नाही. त्याचे गोडवे गायचे आणि हिला नापास करायचं?"

"तो शास्त्राला बांधलेला होता," अध्यक्ष म्हणाले. "स्वतःच्या मर्जीला नाही."

मुद्दा खरा होता, आणि बाईंनी तो कबूल केला. त्या संन्याशानेही कदाचित हिला नापासच केलं असतं, म्हणाल्या. पण त्याचे शब्द म्हणजे प्लास्टर. मोडलेलं हाड त्यांनी धरून ठेवलं, हे उपकारच. जन्मभर तसंच ठेवलं तर पाय वाळतो. विश्वास म्हणजे देवावरचा भरवसा, घोकलेली उत्तरं नव्हेत. नवऱ्याला देवाच्या हाती सोपवून ही निर्धास्त आहे, याहून मोठा भरवसा कुठला? अध्यक्षांनी वही मिटली.

रविवारी स्वयंपाकीण शेवटच्या बाकावर बसली होती. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. अध्यक्षांनी भाकरीचं ताट बाईंपुढे धरलं आणि तिला वगळून ते पुढे सरकू लागले. बाईंनी आपला तुकडा मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. भाकर मोडून द्यायचा अधिकार फक्त पाळकांचा आहे, असं अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले.

"प्रत्येक विश्वासणारा याजक, म्हणजे पुरोहितच असतो, हे तुमच्याच प्रश्नोत्तरीत आहे," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "वर्ग घ्या काढून. आणि ताट पुढे न्या, लोक खोळंबलेत."

स्वयंपाकिणीने तोवर तुकडा तोंडात टाकला होता.