माझं ‘हाव’ आणि केशवराव वकील

केशवराव वकीलसाहेबांची आणि माझी पहिली ओळख बुलडाण्याच्या कोर्टाच्या ओसरीवर झाली. मी जानेफळची, दुसरीपर्यंत शिकलेली. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, भांडणात एक माणूस दगावला होता आणि काठी माझ्या लेकानं, नामदेवानं मारली, असं सरकारचं म्हणणं होतं. नामदेव भांडण सोडवायला गेला होता. विहिरीवरून ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

नामदेवाची केस साहेबांकडे होती आणि मी साक्षीला आले होते. ते माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, “माय, जजसाहेबाकडे पाहून बोलजो. ठाऊक नसंन त ठाऊक नाही म्हनजो.” त्यांच्या कोटाची कॉलर झिजलेली होती, पण सुरकुती एक नव्हती. कोर्टात ते उभे राहिले की हलत नसत. साक्षीदारावर बोट उगारणं नाही, आवाज चढवणं नाही. कारकुनाची लेखणी थांबली की मगच पुढचा प्रश्न. माझ्या दिराला हे पटलं नाही. “वयनी, हा वकील लयच नरम हाय. टेबल आपटाले पाह्यजे,” म्हणे. दीर बाजारात वांगी घ्यायला गेले तरी भांडून यायचे, ते असो.

मग सरकारी वकील उठले. आमच्याकडे कोणी बोलत असलं की ऐकणारा ‘हाव, हाव’ करतो. नाही केलं तर बोलणाऱ्याला राग येतो.

“तुम्ही विहिरीवर होता?”

“हाव.”

“भांडण पाहिलं?”

“हाव.”

“तुमच्या मुलानं काठी मारली?”

“हाव...” म्हणजे ऐकून राह्यली, बोला पुढं. ‘नाही’ तोंडात येईस्तोवर तिकडे ‘होय’ लिहून झालं होतं. जजसाहेब पुण्याकडचे.

केशवराव सावकाश उठले. परवानगी घेऊन त्यांनी मला विचारलं, “माय, मी काल मेलो न?”

“हाव... नाही जी, असं अभद्र काऊन बोलता?”

लोक हसले. साहेब हसले नाहीत. जजसाहेबांना एवढंच म्हणाले, “हा हुंकार आहे, होकार नाही.”

तरी सात वर्षांची शिक्षा झाली. लेकाला मीच आत घातलं, या विचारानं मला घास उतरेना. आठवड्यानं साहेब एसटीनं जानेफळला आले. निकालाची इंग्रजी नक्कल मांडीवर घेऊन त्यांनी मला ती मराठीत सांगितली. शेवटी म्हणाले, “पाह्य माय, तुह्या साक्षीचं याच्यात नावच नाही. कमी मी पडलो.” त्या दिवशी मी भाकर खाल्ली.

नामदेव सुटून आला आणि दोन वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. त्याची लेक कमल आता कॉलेजात शिकते. इंग्रजी घडाघडा वाचते, मला मोठं कौतुक. परवा तिनं ती नक्कल काढली आणि सहाव्या पानावर थांबली. तिथं लिहिलं आहे, काठी मारल्याचं आरोपीच्या आईनंच कबूल केलं.

“आजी, वकीलसाहेबानं हे वाचलं नव्हतं काय?”

“वाचलं असंन,” मी म्हटलं.

ज्यांनी कोर्टात कधी शब्द इकडचा तिकडे केला नाही, ते माझ्या दारात बसून खोटं बोलले. त्या खोट्यावर मी इतकी वर्षं जगले. आज साहेबांना साठ वर्षं पूर्ण झाली. ती ओळ त्यांनी एकट्यानं सांभाळली, आता मलाही ठाऊक आहे. साहेबांनी ते ओझं खाली ठेवावं, आणि पुढची चाळीस वर्षं सुखाच्या झोपेची, धडधाकट अंगाची जावीत, एवढंच देवाजवळ मागते.