यादीतलं माझं नाव

"हे मतदान फक्त नागरिकांसाठी आहे, लव्ह."

टेबलामागची बाई सुटंसुटं बोलली, मी बहिरी असल्यासारखी. क्लोनडॉकिनमधली शाळा, मतदानाची रांग, आणि माझ्या पुढ्यात चाकाच्या खुर्चीत माझी लेक, सई. अकरा वर्षांची. तिला उचलणं, भरवणं, अंघोळ, सगळं मी करते. त्यासाठी सँडीफोर्डची आयटीतली नोकरी सोडली. आणि त्या दिवशी देश मत कशावर देत होता? घरी आपल्या माणसाचा सांभाळ करणाऱ्यांना आधार द्यायचा सरकार 'प्रयत्न' करील, असं घटनेत लिहायचं का, यावर. प्रयत्न म्हणे! माझं 'नाही' ठरलेलं होतं.

मी पासपोर्ट काढला. आयरिश.

"पासपोर्ट ग्रँड आहे, त्याची काही अडचण नाही. पण यादीत तुमच्या नावापुढे फक्त स्थानिक निवडणुकीची, नागरिक नसलेल्यांची खूण आहे. ती तुम्हीच बदलून घ्यायची असते."

चूक माझी. नागरिकत्वाची शपथ घेतली, पेढे वाटले, फोटो टाकले. वाटलं, यादी आपोआप बदलेल. आमच्यातल्या कितीजणांना अजून तसंच वाटतं.

मागून एक कोटवाला म्हणाला, "भत्त्याची यादी बरी सापडते यांना."

लोक हसले. अरे, कसला भत्ता? सांभाळ करणाऱ्यांना जो मिळतो, तो नवऱ्याच्या पगारावर बोट ठेवून आम्हाला नाकारलाय. तरी मी मेली "सॉरी, सॉरी" करत खुर्ची वळवली.

दारात सई म्हणाली, "आई, व्हाय आर यू सॉरी?"

अंगाची लाही लाही झाली. खुर्ची परत आत नेली. त्या माणसासमोर उभी राहिले.

"भत्ता आम्हाला मिळत नाही. कर आम्ही भरतो. माझ्या लेकीची माफी मागा."

"गंमत केली हो."

"तिच्यावरून गंमत करायची नाही."

माफी मागितली नाहीच त्यानं. मतपत्रिकाही मिळाली नाही. निकाल 'नाही'च लागला, पण माझ्या मताशिवाय. त्याचा काय आनंद मानू?

त्याच आठवड्यात यादीतली खूण बदलायचा अर्ज भरला. आता इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी दारातच लॅपटॉप उघडून बसते. आधी यादीत नाव बघा, मग जेवा. डॉक्टर असो की इंजिनियर. "काय कटकट आहे ही बाई," म्हणतात. आहेच. सई माझ्यामागेही याच देशात जगणार आहे. तिला कोण उचलेल, कोण भरवेल, हे मी माझ्या मताशिवाय कुणाला ठरवू देणार नाही.