अकरा वर्षांची एकच विनंती

आधीच सांगून टाकते, माझ्या थोरल्या भावाची दारू अजून सुटलेली नाही. शेवटी सगळं गोड झालेली साक्ष ऐकायची असेल, तर आमच्या चर्चच्या मंडळीत तशा सांगणारे ढीगभर आहेत, त्यांच्याकडे जा.

दर बुधवारी संध्याकाळी सातला कुणाच्या तरी घरी आमची प्रार्थनासभा असते. मी हडपसरला राहते, बाकीचे आसपासच्या सोसायट्यांतून येतात. गाणी होतात, बायबलमधलं वचन वाचलं जातं, मग जो तो आपली विनंती सांगतो आणि सगळे तिच्यासाठी प्रार्थना करतात. माझी विनंती अकरा वर्षं एकच, दादाची दारू सुटू दे. तेवढ्या काळात लोकांच्या मुलांना खराडीच्या आयटी कंपन्यांत नोकऱ्या लागल्या, गुडघे बदलून झाले, व्हिसा आले, जावई मिळाले. प्रत्येक वेळी मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, पोटात दुखायचंही.

दादा माझ्याकडेच असतो. वहिनी कंटाळून माहेरी गेली, तिला मी दोष देत नाही. पण आई वारली तेव्हा मी नववीत होते. माझा डबा त्यानेच भरला. पालकसभेला वर्कशॉपच्या काळ्या कपड्यांत तोच यायचा. त्याला मी सोडून देईन होय? गेल्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, लिव्हर पार खराब झालंय, आता थांबला नाही तर वाचणार नाही.

विनंत्यांची यादी दर मंगळवारी ग्रुपवर येते. नेमकं त्याच महिन्यात तिच्यातून दादाचं नाव गेलं. मला वाटलं, चुकून राहिलं असेल. पण सलग तीन आठवडे कुणी चुकत नाही. चौथ्या बुधवारी सभा माझ्याच घरी होती. सतरंजी पसरता पसरता मी पाळकसाहेबांना विचारलं.

"ताई, अकरा वर्षं झाली," ते मऊ आवाजात म्हणाले. "नव्या लोकांचा विश्वास डळमळतो हो. आता प्रभूच्या इच्छेवर सोपवा."

"सोपवलंय की. पण त्याला कंटाळा आलाय, असं त्याने तुम्हाला सांगितलं का?"

यादी करणाऱ्या बाई मध्ये पडल्या. "अहो, घरी करा ना प्रार्थना. नको कोण म्हणतंय?"

"घरी करतेच. भांडी घासताना करते, बसमध्ये करते. इथे मी चहा प्यायला येत नाही."

माझा आवाज चढला होता. चढू दे. विनंत्या सुरू झाल्या तशी मी सगळ्यांच्या आधी माझी सांगितली, दादाचं नाव घेऊन.

आमच्यात गोलाने प्रार्थना होते. ज्याला करायची नसेल त्याने शेजारच्याच्या गुडघ्याला हात लावायचा, की पाळी पुढे जाते. सभा असली की दादा घराबाहेर पडतो, तसा त्या दिवशीही गेला होता. निम्मी प्रार्थना झाली असेल, तेवढ्यात लोटलेलं दार उघडल्याचा आवाज आला. डोळे मिटलेले होते, तरी वासावरून मला कळलं. तो दाराशी, चपलांच्या बाजूलाच बसला. आज या लोकांसमोर शोभा करू नकोस रे, एवढंच मनात होतं.

पाळी त्याच्यापर्यंत आली. तो गुडघ्याला हात लावून मोकळा होईल असं वाटलं, पण तो बोलायला लागला.

"देवा, माझी सुटेल असं मला नाही वाटत. मला कशाचीच खात्री नाही. पण हिला थांबवू नकोस. ही मागायची थांबली, की मी गेलोच."

पिऊन आलेल्या माणसाच्या प्रार्थनेला आमेन म्हणायचं की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. मी म्हणाले. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाले. मग डोळे उघडून पाळकसाहेबांकडे पाहिलं, आणि तेही आमेन म्हणेपर्यंत मी पाहत राहिले.