आजाराच्या यादीत बाबांचं नाव

सोसायटीच्या त्या सेक्रेटरीच्या तेरवीला मी पोटभर जेवले. बुंदी दोनदा मागून घेतली. वाढणारी सून माझ्याकडे टकामका बघत राहिली, कारण त्या घराशी आमचं बोलणं नाही हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. शेजारी बसलेली एक म्हातारी कानाशी येऊन म्हणाली, "मेलेल्या माणसावर राग ठेवू नये वो बाई." मी म्हटलं, "जेवा आजी, भात थंडा होऊन राहिला." राग ठेवू नये म्हणे! राग काय मी कोणाकडून मागून आणला होता, परत द्यायला?

आमची आळी विणकरांची. घरोघरी खड्डामाग, आणि सगळ्यांना सूत मिळायचं ते विणकर सोसायटीतून. बाजारातून सूत घेऊन विणायची ऐपत आमच्यात कोणाचीच नव्हती. सोसायटीनं सूत द्यायचं, आपण विणून लुगडं द्यायचं, मजुरी घ्यायची. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच्या दोन-तीन वर्षांनी सूत येणं बंद झालं. विचारायला गेलं की सेक्रेटरी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत म्हणायचा, "जिल्हा तुटला ना बाप्पा, कागद तिकडे अडकून राहिले." जिल्हा तुटून दोन पावसाळे गेले तरी ह्याचे कागद तिकडेच!

माग बंद पडले तेव्हा सोसायटीनं बेकारीची यादी केली. ज्याच्या हाताला काम नाही त्याला महिन्याला तांदूळ आणि थोडी रोख मदत. अट एकच होती. विणकरानं रोज सकाळी स्वतः सोसायटीच्या ओसरीवर यायचं आणि तिथल्या चरख्यावर एक कांडी, धोट्यात बसते ती सुताची नळी, भरायची. म्हणजे माणूस गावात आहे, कामाला तयार आहे, याची हजेरी. आता कांड्या भरणं हे आमच्यात बायांचं काम. आयुष्यभर लुगडी विणलेले बाप्ये ओसरीवर रांगेनं बसून कांड्या भरायचे, एकमेकांकडे न बघता. ही अक्कलही त्या सेक्रेटरीचीच.

माझे बाबा त्या रांगेत होते. करवती किनारीच्या लुगड्यात त्यांचा हात धरणारा आळीत कोणी नव्हता. किनारीला करवतीसारखे दात असतात, आणि ते काढायला तीन धोटे एकाच वेळी चालवावे लागतात. बाबांचा एकही दात कधी लहानमोठा आला नाही. असा माणूस कांडी भरता भरता खोकायला लागला. आधी आम्ही काढे केले, मग हळद-दूध. अंगावरचं मांस उतरायला लागलं तेव्हा मी त्यांना भंडाऱ्याला नेलं. थुंकी तपासली. टीबी निघाला. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "सहा महिने गोळ्या, बरे होतील. पण पहिले दोन महिने यांना झोपवून ठेवा. चालणं नाही, काम नाही."

मला वाटलं, सोपं आहे. सोसायटीची दुसरी एक यादी होती, आजाराची. तीत नाव असलं की तेवढीच मदत घरी यायची, हजेरी नाही. म्हणजे एका यादीतलं नाव काढून दुसऱ्या यादीत लिहायचं. बाबांना दोन महिने अंथरुणावर पडू द्यायचं, एवढंच माझं मागणं होतं. मी डॉक्टरचा कागद घेऊन गेले. सेक्रेटरी नात्यानं लांबचा काका लागायचा.

"काका, बाबांचं नाव आजाराच्या यादीत घ्या."

त्यानं कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "पोरी, आजाराची यादी कामकऱ्याची असते. काम करता करता आजारी पडला तर त्याले मदत. तुह्या बापाले कामच नाही, तर तो आजारी कायनं पडला?"

"मग बेकारीच्या यादीत राहू द्या, पण हजेरी माफ करा."

"हजेरी नाही तर नाव कटलं. जो उठू शकत नाही तो कामाले तयार आहे असं मी कसं लिहू?"

बघा म्हणजे! बेकार म्हणून आजारी नाही, आणि आजारी म्हणून बेकार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या धुऱ्यावर हा बसलेला, खर्रा चघळत. मी दहावी पास होते. सोसायटीच्या नियमांचं पुस्तक मागून आणलं आणि घरी बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. हा म्हणतो तसं त्यात कुठेच नव्हतं. तसं नव्हतं, असंही कुठे नव्हतं. मी रोज जाऊन भांडायचे. बाबा रोज उठायचे, तोंडाला दुपट्टा बांधायचे, वाटेत दोनदा बसायचे आणि जाऊन कांडी भरायचे.

पंधराएक दिवसांनी सेक्रेटरी वैतागला. संचालकांची बैठक होती, सगळे पंच बसले होते. त्यांच्यासमोर म्हणाला, "भांडण कायले पाहिजे? सोसायटीत नमुन्याचा माग आहे. भाऊले बसवा त्याच्यावर. नाही विणता आलं, तर मी आपल्या हातानं नाव आजाराच्या यादीत फिरवतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तर देवच पावला असं वाटलं. बाबांना तेव्हा धड बसवत नव्हतं, विणणार काय? तरी मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, दोन धागे तोडा, खोका आणि उठा. बस." बाबा म्हणाले, "हो."

ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. मागावर करवती किनारीचा ताणा होता, कोणीतरी अर्धवट विणून सोडलेला. बाबांनी किनारीवरून बोट फिरवलं आणि एके ठिकाणी थांबले. मग मान खाली घालून दोन इंच विणलेलं उसवायला लागले. मला समजेना. उसवून झालं, आणि त्यांनी धोटा हातात घेतला. एक, दुसरा, तिसरा. खट, खट, खट. खोकला नाही, काही नाही. बाबा, थांबा, असं मी मनात ओरडत होते. माणूस चार बोटं विणूनच थांबला. पंच उठून बघायला आले. सेक्रेटरीनं किनारीवर हात ठेवला आणि म्हणाला, "वा भाऊ! असे दात तर धडधाकट माणूसही नाही काढत. लिहा, कामास योग्य." आणि बाबा? बाबा हसले! घामानं निथळत होते, ओठ पांढरे पडले होते, आणि कौतुकानं हसत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी येताना ते मारुतीच्या पारावर बसले आणि खोकले. दुपट्ट्यावर रक्त आलं. मी रडत, ओरडत विचारलं, "काहून विणलं बाबा? काहून?" म्हणाले, "पोरी, दात चुकला होता तिथं. तसा कसा सोडून देऊ?"

बाबांवर राग धरता येईना, मग सगळाच्या सगळा सेक्रेटरीवर गेला. त्याला माहीत होतं. चुकलेला दात समोर ठेवला की हा माणूस दुरुस्त केल्याशिवाय उठणार नाही, हे विणकराच्या पोटी जन्मलेल्याला कळतं. ह्यानं तो माग मुद्दाम निवडला, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. त्याला पाणी पाजल्याशिवाय राहायचं नाही, हे त्याच पारावर ठरलं.

आसगावच्या मामाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी मी, माय, मामा आणि मामेभाऊ असे चौघं निघालो, चौघांच्या खांद्यावर बाज आणि बाजेवर बाबा. माणूस जिवंत आणि चौघांच्या खांद्यावर, आळीतल्या बाया कपाळावर हात मारून घरांतून बाहेर आल्या. सोसायटीच्या ओसरीवर सेक्रेटरीच्या टेबलाला खेटून बाज ठेवली. बाजेखाली राख घातलेला थुंकीचा डबा ठेवला. म्हटलं, "काका, हजेरी लावा. माणूस हजर आहे."

"हे काय नाटक लावलं?"

"नाटक नाही, नियम आहे. रोज हजर पाहिजे, असं लिहिलं. बसून पाहिजे का झोपून, हे नाही लिहिलं. मी पुस्तक वाचून आली."

एक कांडी मी बाबांच्या हातात दिली, त्यांनी पडल्या पडल्या दोन वेढे घातले. बाबा खोकले की सेक्रेटरी खुर्ची मागे सरकवायचा. मागे भिंत होती. तोंडात खर्रा टाकायचीही त्याला सोय राहिली नाही, हात तोंडाजवळ गेला की नजर डब्याकडे जायची. मी बघत होते आणि मला इतकं गोड वाटत होतं की काय सांगू. मामा म्हणाला, "आता पुरे कर पोरी." मी म्हटलं, उद्याही आणू. दुसऱ्या दिवशीही आणलं. तिसऱ्या दिवशी आळीतल्या पंधरा-वीस बाया आपापले चरखे घेऊन बाजेभोवती बसल्या. आत जायला वाट उरली नाही.

दुपारी सेक्रेटरी कागद घेऊन बाहेर आला. पंचांच्या सह्या झाल्या होत्या. चेहरा उतरलेला, आवाज बसलेला. "घे, केलं तुह्या बापाचं नाव आजारात. इथं भाऊची सही, खाली तुही." मी कागद जवळजवळ हिसकावलाच. बाबांच्या हातात पेन दिला, त्यांनी सही केली, खाली मी केली, आणि तो कागद हवेत धरून बायांना दाखवला. बाया हसल्या, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाला, "पोरी, वाचून घे एकडाव."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "इतके दिवस तुमचंच तर वाचून राहिली काका. आता आणखी कायचं वाचू?" आणि कागद त्याच्या टेबलावर आपटला. त्याचं नाक ठेचलं म्हणून गावभर सांगत फिरले.

बाबा झोपले. दोन महिने खरोखर झोपले. तांदूळ घरी येत होता, गोळ्या चालू होत्या. थंडी पडेपर्यंत अंगावर मांस आलं, सहा महिने भरले तेव्हा डॉक्टरनं पाठ थोपटली. त्याच सुमारास सूत आलं. बाबांनी सकाळी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, धोटे तेलानं पुसून ठेवले आणि सूत आणायला गेले. मीही मागोमाग गेले. सेक्रेटरीचा चेहरा मला बघायचा होता.

त्यानं फाइल काढली, कागद काढला आणि आमच्याकडे फिरवला. बाबांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, त्यांनी तो माझ्या हातात दिला. "वाच." मी वाचलं. सदर सभासद विणकाम करण्यास कायमचा असमर्थ असल्याने त्याचे नाव आजाराच्या यादीत घेण्यात येत आहे. यापुढे सूत मिळण्यावर त्याचा हक्क राहणार नाही.

मी भांडले. डॉक्टरचा नवा कागद आणला, पंचांच्या घरोघरी गेले, मेल्या-जगल्याचे शाप दिले. त्याचं एकच उत्तर, "मी वाचून घे म्हटलं होतं." पंचांनीही ते ऐकलं होतं. बायांनीही ऐकलं होतं. बाबांच्या वाटणीचं सूत दुसऱ्या घरी गेलं. तेरवीला मी दोनदा बुंदी मागून घेतली ती ह्यासाठी, आणि अजून एक तेरवी असती तर तिथंही घेतली असती.

पण तो कागद वाचला त्या दिवशी, सोसायटीतून घरी आलो तेव्हा, बाबांनी मला जवळ बोलावलं. विचारलं, "खाली ती सही तुहीच होती ना?" मी म्हटलं, "हो." ते काही रागावले नाहीत. पुसलेले धोटे त्यांनी फडक्यात बांधून वर फळीवर ठेवले आणि मायला म्हणाले, "मागाचा खड्डा आता रिकामाच आहे. रातच्याले कोंबड्या तिथंच कोंडत जा, मुंगसाचं भेव नाही."

संध्याकाळी माय काही त्या कामाला उठेना. कोंबड्या मीच धरून खड्ड्यात सोडल्या.