माझी हरकत नव्हती

सांताक्रूझ विमानतळावर कस्टम्सच्या माणसाने माझी बॅग उघडली आणि डिसेक्शन बॉक्स बाहेर काढला. कात्री, चिमटे, स्कालपेल, सुया. "डॉक्टर तुम्ही, का मिस्टर?" त्याने विचारलं. डॉक्टर सुधीर, माझा नवरा. मी कराडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि त्या नोकरीचा राजीनामा देऊन आठच दिवस झाले होते. काचेपलीकडे माझे वडील, आप्पा, उभे होते. आत काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं, पण पेटी दिसली असावी, कारण ते हातवारे करून 'दे सांगून, दे सांगून' असं म्हणत होते. ती पेटी त्यांनीच भरायला लावली होती. "साड्या दोन कमी ने. शिकवणं सोडू नकोस." मी त्या माणसाला "टीचर" एवढंच म्हणाले. त्याने पेटी परत ठेवली. चार वर्षांची मीनल माझ्या पदराला धरून रडत होती, त्यामुळे आप्पांकडे शेवटचं धड बघणंही झालं नाही.

तुमच्यापैकी जे आता न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात आहात, त्यांना मिसिसिपीतलं आमचं गाव सांगूनही कळायचं नाही. एक हॉस्पिटल, एक हायस्कूल, पाइनची झाडं आणि चर्चेस किती ते मी कधी मोजली नाहीत. मराठी बोलायला सुधीर आणि मी, एवढेच. शाळेत निम्मी मुलं काळी, निम्मी गोरी, आणि जेवणाच्या सुट्टीत वेगवेगळ्या टेबलांवर बसणारी. मी तिथे शिकवायला लागले तेव्हा कुठे बसायचं हा प्रश्न मिस्टर टकरनी सोडवला. सव्वीस वर्षं तिथे बायोलॉजी शिकवणारा हा उंच, वाकलेला माणूस पहिल्याच दिवशी मला आपल्या लॅबमध्ये घेऊन गेला आणि म्हणाला, "मिसेस के, इथे बसून डबा खा." कुलकर्णी त्यांना कधीच जमलं नाही. टीचिंग सर्टिफिकेट कसं काढायचं, कुठला प्रिन्सिपल कशाने भडकतो, सगळं त्यांनी शिकवलं. दर रविवारी ते चर्चमध्ये देणग्यांचं ताट फिरवायचे आणि सोमवारी वर्गात उत्क्रांती शिकवायचे. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. आप्पाही रोज पूजा करून शाळेत विज्ञान शिकवायला जायचे.

आजूबाजूच्या राज्यांत तेव्हा कायदे होत होते, कोर्टात जात होते, की उत्क्रांती शिकवाल तर बायबलमधली सृष्टीची उत्पत्तीही तेवढाच वेळ शिकवा. आमच्या गावाने कायद्याची वाट पाहिली नाही. काही पालकांनी स्कूल बोर्डाकडे अर्ज केला. मी पहिल्यांदा ऐकलं ते मीनलकडून. तेव्हा ती तिसरीत होती. गाडीत बसता बसता म्हणाली, "मॉम, बेकी सेज यू टीच दॅट वी आर मंकीज. डू यू?"

"मराठीत विचार," मी म्हणाले. तिने विचारलंच नाही.

बोर्डाची मीटिंग ठरली. ठराव असा होता की शिक्षकांनी दोन्ही गोष्टी सारख्याच शिकवाव्यात, नाहीतर पुस्तकातलं ते प्रकरण गाळावं. मिस्टर टकर म्हणाले, "मी विरोधात बोलणार आहे. तू पण बोल. दोघं बोललो तर एका म्हाताऱ्याचं खूळ वाटणार नाही." मी हो म्हणाले. आठवडाभर इंडेक्स कार्डांवर लिहून, खोडून पुन्हा लिहिलं.

सुधीरला ते पसंत नव्हतं. ग्रीन कार्डाचे कागद हॉस्पिटलच्या शिफारशीवर अडले होते, आणि स्कूल बोर्डाचे चेअरमन हॉस्पिटलच्याही बोर्डावर होते. त्यांचा नातू सुधीरचा पेशंट. "अगं, त्यांच्या पोरांना त्यांनी काय शिकवायचं ते त्यांचं ते बघतील. आपल्याला काय करायचंय?" सुधीर भित्रा नव्हता. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. मी म्हणाले, "मी शब्द दिलाय." त्याला पटलं नाही, पण मीटिंगला तो आला.

शाळेच्या कॅफेटेरियात माणसं भिंतीला लागून उभी होती. ओळखीचे चेहरे. माझ्या बाळंतपणात ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण, कॅसरोल, आणून देणारी बाई पहिल्या रांगेत होती. मुलगा झाला होता आम्हाला तिथे, दोन दिवसांत गेला. गावातल्या बायकांनी तीन आठवडे आम्हाला चूल पेटवू दिली नव्हती. हे सांगते, कारण ती माणसं दुष्ट होती असं कुणी समजू नये.

चेअरमननी माझं नाव पुकारलं. मी कार्डं घेऊन उभी राहिले. मी तोंड उघडायच्या आत ते हसून, अगदी प्रेमाने म्हणाले, "मिसेस के, तुमच्या देशातले लोकही देव मानणारे. हे जग देवानेच केलं असं तुम्हीही मानता, होय ना? तेव्हा तुमची काही हरकत नसावी."

सगळे माझ्याकडे बघत होते. ती कॅसरोलवाली बाई मान डोलवत होती, बोल, बोल, अशी. मी सुधीरकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता. आणि मी म्हणाले, "नो सर. नो ऑब्जेक्शन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले.

त्यानंतर मिस्टर टकर एकटेच बोलले. शांतपणे बोलले, पण मागून कुणीतरी हसलं. ठराव पास झाला. पुढच्या टर्मला त्यांना ड्रायव्हिंग आणि हेल्थ शिकवायला दिलं, बायोलॉजीचे सगळे वर्ग माझ्याकडे आले. लॅबच्या किल्ल्या त्यांनी स्वतः आणून दिल्या. मी काहीतरी पुटपुटले, तर म्हणाले, "तुला कुटुंब आहे. मी समजू शकतो." वर्षभराने त्यांनी नोकरी सोडली.

ते प्रकरण मी गाळलं. दोन्ही सारखं शिकवण्यापेक्षा ते सोपं होतं. एक मुलगी, मागच्या बाकावरची, पुस्तक उघडून विचारायला आली, "मॅम, हे आपण का सोडलं?" मी म्हणाले, "परीक्षेला नाहीये." हे वाक्य बोलणाऱ्या मास्तरांचा आप्पांना भयंकर तिटकारा. त्याच सुमाराला त्यांचं पत्र आलं: 'अमेरिकेत उत्क्रांतीवरून वाद चालू आहेत असे पेपरात वाचले. तू नीट शिकवतेस ना?' मी उलट टपाली लिहिलं, हो. पुढच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. तिकीट मिळेपर्यंत सगळं आटपलं होतं.

ग्रीन कार्ड आलं आणि आम्ही ट्रॉयला, मिशिगनला आलो. इथे गणपतीला शंभर माणसं जमतात, मीनलला मराठीत ओरडणाऱ्या चार काकू आहेत. मी पुन्हा शाळेत नोकरी धरली, आणि इथे कुणी काही गाळायला सांगितलं नाही. तरी ते प्रकरण शिकवायला घेतलं की मी मागच्या बाकाकडे बघणं टाळायचे.

मग एक दिवस पेपरात आलं: सर्वोच्च न्यायालयाने तसला कायदा रद्द केला. मी दोन दिवस तो पेपर तसाच ठेवला. रविवारी दुपारी, चर्च सुटल्याच्या अंदाजाने, मिस्टर टकरना फोन लावला. त्यांच्या बायकोने त्यांना बागेतून बोलावून आणलं.

"बातमी वाचलीत?"

"वाचली." मग टोमॅटोंबद्दल बोलले, मीनलबद्दल विचारलं. मीच शेवटी म्हणाले, "मिस्टर टकर, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

मला वाटलं, ते पुन्हा कुटुंबाचं काढतील. पण ते म्हणाले, "येस मॅम. बोलायला हवं होतंस. मी तुझ्या भरवशावर उभा राहिलो होतो."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडले. सुधीर आला, काय झालं विचारलं, आणि मी सांगितल्यावर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. त्या मीटिंगबद्दल आम्ही दोघं तीन वर्षांत पहिल्यांदाच बोललो.

कराडला जाते तेव्हा सगळे माझ्यासाठी पाणी उकळून ठेवतात, माझ्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणतात. वहिनी मला भांड्याला हात लावू देत नाही. मी काहीही चुकीचं बोलले तरी कुणी तोडत नाही. किती लाड करतात, असं मी इथे येऊन मैत्रिणींना सांगते. पाहुणीवर कोण रागावणार? माझ्यावर हक्काने रागावलेलं शेवटचं माणूस मिसिसिपीत टोमॅटो लावत होतं. त्या गावात मी सहा वर्षं राहिले, पण तिथली झाले ती त्या फोनवर, गाव सोडून गेल्यानंतर.