पिकअपला ताकद हवी होती

विरारच्या उड्डाणपुलावर आमची पिकअप दर रविवारी मला तोंडघशी पाडायची. निर्मळच्या आमच्या वाडीतून निघताना अगदी शहाण्यासारखी धावायची. मागे माझी भुजिंगची गाडी जोडलेली असायची, म्हणजे दोन चाकांची ट्रॉली आणि तिच्यावर कोळशाची शेगडी, पाण्याचे कॅन, मसाला लावलेली कोंबडी, बटाटे आणि पोह्यांचं पोतं. सपाटीवर काही तक्रार नाही. पूल अर्धा चढला की मात्र तापमानाचा काटा वर सरकायचा, इंजिनाचा जोर गळायचा आणि मागून रिक्षावाले हॉर्नवर बोट ठेवूनच बसायचे. मग आम्ही कडेला थांबायचो. नवरा बॉनेट उघडायचा, मी पदराने वारा घ्यायचे. इंजिनाला वारा घालायला दुसरा पदर नव्हता, नाहीतर तेही केलं असतं.

हे आमचं वाहन आठवडाभर वाडीतली फुलं बाजाराला नेतं आणि तेव्हा काही नखरे करत नाही. रविवारी माझी ट्रॉली जोडली की हिला धाप लागते. मी नवऱ्याला म्हणायचे, "तुमची गाडी तुमच्या आईच्या पक्षात आहे."

आता यात थोडं तथ्य होतं असं मला वाटायचं. मी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, लग्न करून वाडीत आलेली. भुजिंग, म्हणजे निखाऱ्यावर भाजून पोहे-बटाट्यांत परतलेली कोंबडी, शिकले ती नवऱ्याच्या मावशीकडून, आणि हात बसल्यावर पुलापलीकडे फुलपाड्याच्या एका सोसायटीच्या फाटकाशी रविवारी संध्याकाळी गाडी लावायची असं ठरवलं. सासूबाईंनी ते ऐकलं, भाजी निवडणं थांबवलं नाही आणि एवढंच म्हणाल्या, "वाडीवाल्याची सून रस्त्यावर कोंबड्या भाजनार. बरं." त्या "बरं"नंतर दोन वर्षं त्या विषयावर घरात चकार शब्द नाही. "किती खपलं?" नाही, "कसं झालं?" नाही. उरलेली भुजिंग घरी आणली तर खायच्या, पण तोंडातून बरं-वाईट काही नाही. माझ्याशी कोणी भांडलं तर चालतं, मीही चार शब्द जास्तच देते. हा मुका कारभार मात्र मला झेपत नव्हता.

आणि मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी एका रविवारी, चिंबोरीसारखे डोळे बाहेर काढून, मला सांगितलं, "ताई, लोक सातला खाली उतरतात. तुम्ही येता पावणेआठला, आठला. तोवर पोरं पलीकडे जाऊन खाऊन येतात. एक डोसेवाला जागा मागतोय. दिवाळीपर्यंत बघू, नंतर बोलू नका."

मी गाडीत बसून रडले. खोटं कशाला सांगू. ती जागा गेली असती तर भुजिंगची गाडी वाडीत पेंढ्याखाली गेली असती आणि मी पुन्हा कोणाची तरी सून एवढीच उरले असते.

नवऱ्याला मात्र अश्रू दिसले की एकदम कामाला लागायची सवय आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पिकअपला ताकदवान करायचा बेत आखला. फोनवर रोज कुठले तरी व्हिडिओ. टर्बो मोठा घालायचा. इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घ्यायची. हवेचा फिल्टर वेगळा, सायलेन्सर मोकळा, क्लच जड कामाचा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एकेक पान जास्त, आणि टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर दुप्पट मोठा. हा सगळा बेत त्यांनी खडूने पिकअपच्या मागच्या फाळक्यावर आतल्या बाजूने लिहून काढला. तो फाळका रोज फुलबाजारात उघडायचा. संध्याकाळी परत आला की त्यावर बाजारातल्या लोकांच्या सूचना आलेल्या असायच्या. कोणी लिहिलं, "ब्रेक आधी बघा." कोणी लिहिलं, "विमानाचं इंजिन बसवा." एकाने नुसतीच माझ्या भुजिंगची ऑर्डर लिहून ठेवली.

मी म्हटलं, "अहो, एवढं घातल्यावर गाडी पूल चढेल की उडून जाईल?"

"अगं, तुझीच सोय बघतोय ना," ते दुखावून म्हणाले. तेव्हा मी त्यांना खडूचा नवा तुकडा आणून दिला, कारण खरोखरच माझीच सोय बघत होते.

गॅरेजवाल्याने सांगितलं की पहिल्यांदा इंटरकूलर करू, पण पुढे किती जागा आहे त्याचं माप हवं. माप आपण घरीच घेऊ म्हणून एका दुपारी आम्ही दोघं केळीच्या सावलीत पिकअप लावून पुढची जाळी खोलायला बसलो. सासूबाई ओट्यावर फुलं ओवत होत्या. शेवटचा स्क्रू निघाला, जाळी हातात आली आणि आम्ही दोघंही बघतच राहिलो.

जाळीच्या मागे गादी होती. दुसरा शब्दच नाही. वाळून काळे-तपकिरी झालेले झेंडूचे गोंडे, एकावर एक दाबलेले, आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारी केळीच्या सोपटाची दोरी. आमच्याकडे हार सोपटानेच बांधतात, आणि सोपट कुजता कुजत नाही. रेडिएटरच्या तोंडावर अर्ध्याहून जास्त भाग या गादीने बंद केला होता. वाऱ्याला आत शिरायला वाटच नव्हती. नवऱ्याने बोटांनी एक हार ओढला तर त्याच्यामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा. मला हसू आवरेना.

"हे कोणी केलं?" ते ओरडले.

ओट्यावरून उत्तर आलं, "मी. हात नको लावू, निर्माल्य हाय ते."

सासूबाई सुई खाली ठेवून आल्या. त्यांनी सांगितलं ते असं. दर रविवारी मी ट्रॉली जोडून साडी बदलायला आत गेले की त्या देवाजवळचा हार आणून पिकअपला घालायच्या. बॉनेटवर ठेवला तर रस्त्यात उडून कोणाच्या पायाखाली जाईल, म्हणून जाळीच्या फटीतून आत सरकवून द्यायच्या. जुना काढून टाकायचा कुठे? निर्माल्य कुठेही टाकायचं नसतं. मग नवा जुन्यावर.

"आणि बाजाराला जाताना?" नवऱ्याने विचारलं. "मला कधी हार घातला नाहीस तो!"

"तू काय, तू एवढा मोठा झालास, रोजचा रस्ता हाय तुझा," त्या म्हणाल्या. "रविवारी ही असते गाडीत. काळोख करून येते. मागे ते जड गाडं, आत पेटलेले निखारे. मला काय झोप लागते?"

मग त्यांचं लक्ष रेडिएटरकडे गेलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे गेलं, आणि त्यांना समजलं. "म्हंजे पुलावर मीच अडवीत होते तुला?" त्या मला विचारत होत्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला मात्र आतून आनंदच झाला होता. मी त्यांचा फुलांनी ओला झालेला हात धरला आणि म्हटलं, "आई, तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला असता तर एवढे हार लागले नसते." त्याही हसल्या, पण डोळे पुसून.

निर्माल्य आम्ही तिघांनी मिळून केळीच्या बुंध्याशी घातलं. नवऱ्याने रेडिएटर पाण्याच्या बारीक धारेने धुतला आणि फाळक्यावरचा बेत पुसायला बराच वेळ लावला. मोठा टर्बो पुसताना त्यांचा जीव खालीवर होत होता, म्हणून मी तेवढा राहू दिला.

पुढच्या रविवारी ट्रॉली जोडली, मी साडी बदलून बाहेर आले, तर सासूबाई हातात गोंड्यांचा हार घेऊन जाळीसमोर उभ्या. कुठे घालावा ते कळेना त्यांना. मी जाऊन त्यांच्याकडे पाठ केली, खाली वाकले आणि अंबाडा पुढे केला.

"गोंडे कोन डोक्यात घालतं?" त्या वैतागल्या, हार देवाला परत घातला आणि तरातरा वाडीत गेल्या. नवरा हॉर्न वाजवायला लागला. त्या आल्या त्या सोनचाफ्याची दोन फुलं घेऊन. माझ्या केसांत ती खोचायला त्यांनी चांगलाच वेळ घेतला आणि मग पाठीवर थाप मारली.

"सातला पोचायचंय ना फुलपाड्याला? मग उभी काय राहिलीस?"

सातची वेळ मी त्यांना कधी सांगितलीच नव्हती.