प्रभादेवीच्या घराचा सौदा

संपानंतर बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. दादरच्या बाजारातली आईची मासळीची पाटी आणि माझी कचेरीतली नोकरी यांवर आमचं परळच्या चाळीतलं बिऱ्हाड चाललं. चार-पाच वर्षांनी मला घरासाठी कर्ज मंजूर झालं आणि प्रभादेवीला एक खोली-स्वयंपाकघर विकायचं असल्याचं कळलं. सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून तोच दिवस धरून मी रजा टाकली आणि आई-बाबांना घेऊन निघाले.

जाताना आईला बजावलं, "तू काही बोलू नकोस. शिकलेली माणसं आहेत. मी बोलते."

"मी कशाला बोलू? बसते गप," आई म्हणाली. ती वरळी कोळीवाड्यातली. तिचं गप बसणं मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी विश्वास ठेवला.

दार घरच्या काकूंनी उघडलं आणि आईला बघून त्या थबकल्याच. "अगं बाई! मावशी, तुम्ही?" पंधरा वर्षं त्या आईकडूनच मासे घेत होत्या.

काका नुकतेच निवृत्त झाले होते. दोघं मुलाकडे पुण्याला राहायला निघाली होती. काकांनी किंमत सांगितली, मी माझी सांगितली. ते थोडे उतरले, मी थोडी चढले. शेवटी दहा हजारांच्या फरकावर घोडं अडलं. काकांनी चष्मा काढून ठेवला. मी कर्जाचा कागद पुन्हा उलगडून पाहिला. बाबा वर पंख्याकडे बघत बसले होते.

"बाय, एक इचारू?" आई काकूंना म्हणाली. "सुरमईचा भाव पटला नाय, की तुमी काय करता?"

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. "चार पावलं पुढे जाते."

"मंग मी हाक मारते. खरं ना? आता आमी जातो चार पावलं."

आणि आई खरंच उठली. माझा दंड धरून जिन्यावर आली, मागून बाबा. पहिल्या मजल्यापर्यंत आलो तरी वर सगळं सामसूम. माझे डोळे भरून आले. "गेलं ना घर!"

"गप गो. चपला वाजवत उतर."

मी चपला वाजवल्या. तेवढ्यात वरून हाक आली, "मावशी! या वर. निम्मं तुमचं, निम्मं आमचं!"

आम्ही वर पोचलो तेव्हा काकांनी हसत मान हलवली. मला वाटलं, झालं. पण आई दारातच उभी राहिली. "आनि वर काय घालता?"

काकूंना हसू आवरेना. काकांना काही उलगडेना, तेव्हा त्याच म्हणाल्या, "अहो, मासे घेतल्यावर मी वर दोन बोंबील घेतल्याशिवाय कधी हलले नाही. आज माझी पाळी!" मग त्या आईला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि आपला जड काळा पाटा-वरवंटा दाखवला. "सुनेकडे मिक्सर आहे. हा तुमचा."

"पंखापण राहू द्या," बाबा एकदम म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलंच वाक्य. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. पंखाही मिळाला.

परतताना बाबांनी वाटेत किलोभर जिलेबी घेतली. चाळीच्या पायरीपासून ते दिसेल त्याच्या हातावर जिलेबी ठेवत, "लेकीनं घर घेतलं," सांगत सुटले. आमच्या दारापर्यंत पोचलो तेव्हा पुडक्यात नुसता पाक उरला होता. आईनं तो बोटानं पुसून माझ्या तोंडात घातला.